पाण्याच्या दिवशी कोण उठतं?

हिवाळ्यात इथं जर्मनीत, स्टुटगार्टला रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा सोलापुरात पहाटेचे साडेतीन झालेले असतात. त्या वेळी आई व्हॉट्सअ‍ॅपवर 'ऑनलाइन' दिसली की मी समजतो, आज गल्लीत पाणी आलंय. व्हिडिओ कॉल लावला तर उचलते, पण बोलत नाही. मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवून ठेवते आणि कामाला लागते. मला दिसतो हौदाचा कोपरा, निळं पिंप, पाइपचं टोक आणि वहिनीचा हात. मोटर घरघरते, मध्येच हवा ओढते आणि खोकते. मग समोरच्या अक्कांचा आवाज येतो, "मोटर बंद कर की गं, आमच्याकडं थेंब येईना!" आई आतूनच ओरडते, "दोन मिनिटं थांबा की वो!" ती दोन मिनिटं कधीच दोन मिनिटांची नसतात. अक्कांच्या घरातही मोटर आहे, हे दोघींना माहीत आहे.

या घराचं काय करायचं यावर दिवाळीपासून आमच्या फॅमिली ग्रुपवर रणकंदन चाललंय. दादाचं म्हणणं, भवानी पेठेतलं घर विकू आणि जुळे सोलापूरला फ्लॅट घेऊ. लिफ्ट आहे, वर टाकी आहे, खाली बोअर आहे. पुण्याच्या आत्येभावानं लगेच एक फॉरवर्ड टाकलं, शेजार संपला तिथं माणुसकी संपली अशा अर्थाचं, मावळत्या सूर्याच्या चित्रासकट. ग्रुपवर आम्ही चौदा जण. 'विकू नका' म्हणणारे नऊ. त्या नवांत भवानी पेठेत राहणारं माणूस एकच, ते म्हणजे आई. बाकीचे आठ पुणे, ठाणे, बंगळुरू, न्यू जर्सी आणि स्टुटगार्टचे. स्टुटगार्टचा म्हणजे मी. आजोबा गिरणीत असताना एकेक खोली वाढवत बांधलेलं घर, ते विकायचं म्हटल्यावर माझ्याही पोटात कालवलं होतं. मीही लांबलचक मेसेज लिहिला. यंत्रमागाच्या खटखटीत झोप लागायची, अक्कांच्या ओट्यावर अभ्यास केला वगैरे. आठ जणांनी हात जोडले, दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. नळाला मात्र त्या दिवशी नव्हतं.

उजनी भरली की याच ग्रुपवर धरणाच्या दरवाजांचे व्हिडिओ येतात. ११७ टीएमसीचं धरण, काठोकाठ. तिथून शंभरेक किलोमीटरवर आमचं गाव, आणि मला कळायला लागल्यापासून गावाला पाणी आडदिवशी, मग तीन दिवसांआड, मग चार-पाच दिवसांआड. धरण आणि हौद यांच्यामध्ये काय काय होतं, यावर दरवेळी वेगळा पक्ष वेगळं बोलतो. तो वाद इथं नको. मला बोलायचंय हौदापासून पुढचं.

परदेशातल्या माणसाचं मत ग्रुपवर जरा जास्तच वजनानं घेतात. आत्येभाऊ मला म्हणाला, "तू तर बघतोयस तिकडं. कुणी कुणाला विचारत नाही. मेलं तरी वासावरून कळतं." मीही आधी मान डोलवली. मग वाटलं, अरे, मी राहतो कुठं? आमच्या या भागात तर शेजारीण जिना पुसलेला तपासते.

इथं एक प्रकार आहे, त्याला म्हणतात केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे आपला केरच समजा, अर्थाला फारसा धक्का लागत नाही. इमारतीतल्या भाडेकरूंनी पाळीपाळीनं आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. मोठी पाळी असेल तर तळघर, अंगण आणि समोरचा फुटपाथही. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते. मी २०११ साली आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात ती पाटी माझ्या दारावर. मला वाटलं, कुणाची तरी विसरली. काढून शेजारच्या दाराला लावली. ती परत आली. मी परत लावली. तिसऱ्यांदा शेजारीणबाई स्वतः पाटी घेऊन आल्या, वय साधारण आईएवढंच, आणि मला बादली कुठं ठेवायची, कोपऱ्यातली धूळ कशी काढायची, हे दाखवून गेल्या. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला एवढं नीट कुणी काही शिकवलं नव्हतं.

शेंगा चटणीचा किस्सा तर मी इथल्या मराठी मंडळात दहा वेळा सांगितलाय. आईनं एकदा बॅगेत खलबत्ता दिला, कारण मिक्सरमधली चटणी तिच्या मते चटणी नव्हे, शेंगांचा कूट. रविवारी दुपारी मी कुटायला बसलो. शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ. ठक ठक ठक. तेल सुटायला लागलं, रंग चढला, घरभर वास. दहा मिनिटांत बेल. दारात शेजारीणबाई. हातात इमारतीच्या नियमांचा कागद, रविवारच्या शांततेची ओळ पिवळ्या पेननं रंगवलेली. काही रागावल्या नाहीत. फक्त बोट ठेवलं, मी वाचेपर्यंत थांबल्या आणि गेल्या. आता मी शनिवारी कुटतो.

तर कुणी कुणाला विचारत नाही हे खोटं. विचारतात, लक्ष ठेवतात, टोचून बोलतात. अक्का तोंडानं बोलतात, या बाई कागदानं, एवढंच. २०२२ च्या उन्हाळ्यात आई नव्वद दिवस इथं येऊन राहिली, व्हिसावर तेवढेच मिळतात. आठवडाभर 'इथं माणसं दिसत नाहीत' म्हणून कुरकुरली. मग तिला समोरच्या इमारतीत एक म्हातारी सापडली, खिडकीच्या कट्ट्यावर उशी ठेवून, त्यावर कोपरं टेकून रस्त्यावर नजर ठेवणारी. आई रोज सकाळी तिला हात करायची. ती मान हलवायची. "ही बाई काय चुकवत नाही बघ," आई कौतुकानं म्हणायची. जाताना तिला निरोप देऊन आली, मराठीत.

पण फरक आहे, आणि तो मला कळायला फार वेळ लागला. दारावरची ती पाटी बाई-पुरुष बघत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक गुडघ्यावर बसून पायरी पुसतात. मी पुसतो. मध्ये तीन आठवडे मी भारतात गेलो होतो, तेव्हा माझी पाळी शेजारीणबाईंनी केली. मी चॉकलेटचा डबा घेऊन आभार मानायला गेलो. त्यांनी डबा घेतला आणि कॅलेंडर दाखवलं. माझ्या नावावर एक पाळी उसनी होती. ती मी फेडली.

आमच्या गल्लीतल्या शेजाराची पाटी कुणाच्या दारावर असते? पाणी सुटलं की "पाणी आलं गं" अशी हाक फिरते. 'गं' असतं त्यात, 'रे' नसतो. अक्का उठतात, त्यांची सून उठते, आई उठते, वहिनी उठते. दादा मोटरचं बटण दाबतो, कारण एकदा वहिनीला शॉक बसला होता, आणि परत जाऊन झोपतो. हौद, पिंपं, घागरी, स्वयंपाकघरातले पितळी डबे, शेवटी अंगण. पाच वाजतात. वहिनीची शाळा आठची. अक्का दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात. तेंदूच्या पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्री फिरवतात, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा. आमच्याशी भांडतानासुद्धा हात थांबत नाही. मी ज्या ओट्याच्या आठवणींनी ग्रुपला रडवलं, त्या ओट्यावर ही बाई हजार बिड्यांचा हिशेब पुरा करत बसलेली असायची. मला तेव्हा फक्त सावली दिसली होती.

विकण्याची भाषा दादाच्या तोंडून आली तरी मूळ मागणी वहिनीची, हे मला मागच्या जानेवारीत कळलं. मी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला आलो होतो. नंदीध्वजांची मिरवणूक बघितली, हुरडा खाल्ला, कडक भाकरीची पाकिटं भरून घेतली, म्हणजे बाहेरगावचा सोलापूरकर जे करतो ते सगळं केलं. निघताना वहिनीला म्हटलं, "गल्लीत कसं जिवंत वाटतं, नाही?" ती बॅगेत चटणीचा डबा बसवत होती. म्हणाली, "भावजी, तुम्ही आलात की नेमकं पाणी येऊन गेलेलं असतं बघा." आणि डब्याचं झाकण दाबून लावलं.

त्या दिवसापासून माझं मत फिरलं. घर विकावं. किंवा निदान, विकावं की नाही हे चौदा जणांनी ठरवू नये.

आईच्या बाजूनं एक गोष्ट आहे आणि तिला माझ्याकडं उत्तर नाही. बाबांच्या छातीत दुखायला लागलं ती रात्र. दादा परगावी होता. रात्री दोनला आईनं अक्कांचं दार वाजवलं. अक्कांचा मुलगा बनियनवरच बाहेर आला, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला झोपेतून उठवलं, बाबांना उचलून बसवलं. अक्का आईबरोबर दवाखान्याच्या बाकावर सकाळपर्यंत बसल्या. बाबा पुढं सहा वर्षं जगले. मला फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आई म्हणते, "फ्लॅटमध्ये दार वाजवलं तर उघडेल कोण? आधी भोकातून बघतील." त्यावर दादा म्हणतो, लिफ्ट असेल, वॉचमन असेल, अ‍ॅम्ब्युलन्स दारात येईल, गल्लीत ती शिरतही नाही. दोघंही बरोबर आहेत.

मला फ्लॅटबद्दल खटकतं ते वेगळंच. बिल्डरच्या माणसानं दादाला सांगितलं, "साहेब, आपल्याकडं सगळी चांगली लोकं आहेत." दादानं ते ग्रुपवर आनंदानं कळवलं. मी विचारलं, चांगली म्हणजे? उत्तर फिरून फिरून आलं: आपलीच. शाकाहारी. नोकरदार. म्हणजे अक्का नाहीत. कोपऱ्यावरचा रिक्षावाला तर नाहीच, ज्याची आई ईदला अजून शिरखुर्मा पाठवते. आमच्या गल्लीत भांडण तेलुगूत सुरू होतं, कानडीत वाढतं, उर्दूत शिवीवर येतं आणि मराठीत मिटतं. फ्लॅटमध्ये ते एकाच भाषेत, नोटीस बोर्डावर होईल.

यावर मी जरा तावातावानं बोललो, त्याचं कारण आहे. इथं आलो तेव्हा घर शोधत फोन करायचो. आधी सगळं छान. नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, की घर 'नुकतंच गेलेलं' असायचं. एकदा माझ्यानंतर दहा मिनिटांनी इथल्या मित्रानं त्याच नंबरवर फोन केला, तर त्याला शनिवारी बघायला बोलावलं. त्या लोकांनाही बहुतेक चांगली माणसंच हवी होती. ग्रुपवर हे लिहिलं तर न्यू जर्सीचे काका म्हणाले, "दोन गोष्टी मिसळू नकोस." त्यांच्या सोसायटीत कोण राहतं ते मी विचारलं नाही, वयाचा मान ठेवला.

माझं एवढंच म्हणणं: दादा-वहिनीनं फ्लॅट बघावा, पण असा, जिथं अक्कांच्या सुनेनंही बुकिंग केलं तर तिला कुणी 'नुकतंच गेलं' म्हणणार नाही. असा मिळेल का? दादा म्हणतो, शोधतो. विजापूर रोडला एक बघून आलाय. तिथं मे महिन्यात बोअर आटतो आणि टँकर येतो, हे त्याला तिथल्या वॉचमननं सांगितलं, बिल्डरनं नाही. टँकर आला की पाइप कोण धरतं, ते विचारायला मी सांगितलंय.

मागच्या मंगळवारी ग्रुपवर पुन्हा पेटलं. आत्येभावानं आजोबांचा धोतरातला फोटो टाकला, खाली 'ही वास्तू विकणार?' वहिनी या ग्रुपवर वाढदिवसांपलीकडे कधी काही लिहीत नाही. तिनं लिहिलं, "उद्या पहाटे साडेतीनला पाणी आहे. विकू नका म्हणणाऱ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी या. घागरी आहेत."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग काकांनी अंगठा दाखवला, कशाला ते कळलं नाही. रात्री उशिरा आत्येभावाचा मेसेज आला, "मोटर अजून मामांच्या वेळचीच आहे का?"

वहिनीनं तो बघितला नाही. ती झोपली होती.