वरचे दोन पर्यायही बघा
लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये टूल्स, कस्टमाइझ, कीबोर्ड असं जाऊन स्वतःचा शॉर्टकट कसा लावायचा, ते लेखात छान सांगितलंय. पण त्याच खिडकीत वर ‘लिबरऑफिस’ आणि ‘रायटर’ (त्यातला मजकूर लिहायचा प्रोग्राम) असे दोन पर्याय असतात, त्यांचा उल्लेख राहिला. रायटर निवडलं तर शॉर्टकट रायटरपुरताच. कॅल्कमध्ये (त्यातल्या स्प्रेडशीटमध्ये) तीच बटणं कितीही बडवा, उपयोग नाही. शिवाय यादीत त्या कीसमोर आधीच एखादी कमांड दिसत असेल तर ती बेधडक उडवू नका. मी कंट्रोल-शिफ्ट-व्हीवर थेट साधं पेस्ट (फॉरमॅटिंगशिवाय नुसता मजकूर) लावलंय, कारण त्याचं मूळचं कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही म्हणजे बोटांची कसरत! (कंट्रोल-शिफ्ट-व्हीवर आधी असलेलं पेस्ट स्पेशल तसंही कोण रोज वापरतं?) सगळं जमलं की तिथलंच ‘सेव्ह’ दाबून फाइल ठेवा, नव्या मशीनवर ती ‘लोड’ करता येते.