चक्कर आली की खापर मानेवर

घराघरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा एक संदेश: "चक्कर म्हणजे मानेचा मणका झिजला. पट्टा बांधा, चक्करची गोळी रोज घ्या, मान हलवू नका, बरं वाटेपर्यंत पडून राहा." चारही सल्ले बहुतेकांना आडवाटेला नेणारे आहेत.

"मणका झिजला"

पन्नाशीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेत मणक्याची थोडीफार झीज दिसतेच, चक्कर असो वा नसो. कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना किंवा वाकताना घर गरगर फिरत असेल आणि मिनिटभरात थांबत असेल, तर आधी आतल्या कानावर संशय घ्यावा. तिथले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत, बहुधा मागच्या, उतरतात. मग डोकं हललं की ते नलिकेतला द्रव ढवळतात आणि मेंदूला खोटा निरोप जातो. हा बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच काही क्षण येणारी, आतल्या कानातली चक्कर. तो एक्स-रेत दिसत नाही, डोळ्यांत दिसतो: डिक्स-हॉलपाइक चाचणीत डोकं 45 अंश वळवून रुग्णाला मागे निजवलं की काही सेकंदांनी बुबुळं ठरावीक दिशेने उडू लागतात.

(उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते ती वेगळी, तिथे रक्तदाब आणि चालू गोळ्या तपासाव्यात.)

"गोळी रोज घ्या"

गोळीने खडे हलत नाहीत. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन ही औषधं तोलाचे निरोप दाबतात. कानाच्या नसेला सूज येऊन दिवसभर गरगरत असेल आणि उलट्या होत असतील, तर पहिले दोन-तीन दिवस त्यांचा उपयोग होतो. महिनोन्महिने घेतली तर मेंदू नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला उशीर लावतो. वयस्कांत सुस्ती येते, पडण्याचा धोका वाढतो, कंपवातासारखी लक्षणंही दिसू शकतात. मात्र दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करू नका.

"मान हलवू नका"

इथे तर संदेश पुरता उलटा आहे, कारण बीपीपीव्हीचा उपचारच डोकं हलवण्याचा आहे. अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी 1992 मध्ये शोधनिबंधात प्रसिद्ध केलेली कृती आज जगभर वापरली जाते. उजव्या कानाचा दोष असेल तर ती अशी:

पलंगावर पाय लांब करून बसा. निजल्यावर खांद्यांखाली येईल अशी उशी मागे ठेवा. डोकं उजवीकडे 45 अंश वळवून चटकन मागे निजा. डोकं उशीपलीकडे किंचित खाली झुकलं पाहिजे. गरगर थांबेपर्यंत, निदान 30 सेकंद, तसेच राहा. डोकं न उचलता डावीकडे 90 अंश वळवा आणि तेवढंच थांबा. आता डाव्या कुशीवर वळा, नाक गादीकडे. पुन्हा थांबा. मग हनुवटी छातीकडे ठेवून त्याच कुशीवरून सावकाश उठून बसा.

बहुतेक वेळा बिघडतं ते दोन ठिकाणी: मधल्या वळणात डोकं उचललं जातं, किंवा गरगर थांबायच्या आतच पुढची पायरी उरकली जाते. दोन्हींत खडे मागे परतू शकतात. बाजू चुकली, किंवा खडे आडव्या नलिकेत असले, तर ही कृती लागू पडत नाही. आडव्या नलिकेसाठी अंगासकट लोळवण्याची वेगळी पद्धत आहे. म्हणून पहिली खेप जाणत्या फिजिओथेरपिस्टकडे करावी. मानेला मार लागला असेल, संधिवात असेल किंवा मानेतल्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर घरी करूच नये. नंतर कॉलर लावायची किंवा रात्रभर बसून झोपायची गरज नसते.

"पडून राहा"

कानाच्या नसेच्या सुजेनंतर पडून राहिल्याने तोल परत येत नाही, डोळे आणि डोकं एकत्र वापरल्याने येतो. कार्डावर एक ठळक अक्षर लिहून हातभर अंतरावर धरा. नजर अक्षरावर रोखून डोकं "नाही नाही" म्हटल्यासारखं हलवा. अक्षर धूसर होऊ लागेल त्याच्या जरा कमी वेगाने. एका खेपेला मिनिटभर, दिवसातून तीन ते पाच वेळा. थोडं गरगरणारच, तेवढं हवंच. पण ते अर्धा तास रेंगाळत असेल तर वेग कमी करा. पुढे उभं राहून, मग पाय जुळवून, भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून आणि समोर खुर्ची ठेवून.

संदेशात जे सांगायला हवं होतं तेच गाळलंय. चक्करसोबत बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसू लागले, चेहरा किंवा हात-पाय लुळा पडला, आधाराशिवाय उभंच राहता येईना किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर मान की कान याचा विचार करत बसू नका, 108 ला फोन करा.