उरण नेव्हीने रिकामं केलं? आकडे आणि आठवण दोन्ही वेगळं सांगतात

मी उरणजवळच्या केगावची, लग्नानंतर नेरुळला आले. गेले पंधरा दिवस इथल्या सोसायटीच्या ग्रुपपासून माहेरच्या ग्रुपपर्यंत एकच मेसेज फिरतोय: 'नेव्हीचा तळ आला आणि उरणचे आगरी-कोळी हद्दपार झाले. गावं ओस पडली. आता तिथे नेव्हीवाल्यांचीच वस्ती.' खाली आगरी किती उरले याची टक्केवारीही दिली आहे. माझ्या चुलतभावानेही तो पुढे पाठवला, म्हणून लिहायला बसले.

'गावं ओस पडली' हे सरळ खोटं आहे. उरण नगरपालिका हद्दीत 2001 साली 23,251 माणसं होती, 2011 साली 30,439. दहा वर्षांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वाढ. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे मोजलेले ताजे आकडे कोणाकडेच नाहीत. टक्केवारीचंही तसंच. 2011 च्या जनगणनेने अनुसूचित जाती-जमाती सोडून इतरांची जात मोजलीच नव्हती. मग आगरी किती उरले हे टक्क्यात कुठून काढलं?

'नेव्हीवाल्यांची वस्ती' म्हणणाऱ्याने उरणजवळचं करंजा पाहिलेलं नसावं. तिथे आहे ते नौदलाचं शस्त्रागार. युद्धनौका आणि त्यांचे खलाशी असतात ते खाडीपलीकडे, मुंबईच्या नौदल गोदीत. दारूगोळ्याच्या कोठाराभोवती माणसं जितकी कमी तितकं बरं, असा तिथला नियम. तो वस्ती कशी वाढवेल? बाहेरची माणसं आली ती बंदरामागे. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि कंटेनर यार्ड, ड्रायव्हर, क्लिअरिंगवाले, त्यांच्यासाठी भाड्याच्या खोल्या, सगळं मागोमाग आलं. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू आणि उरणची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. उलवे आणि द्रोणागिरी या नव्या वसाहतींतल्या इमारती कोण घेतंय ते रविवारी गाडीत बसून बघा.

'हद्दपार' या शब्दाचा मला सगळ्यात राग आला, कारण हद्दपार झालेली माणसं मला माहीत आहेत. शेव्याचा कोळीवाडा बंदरासाठी उठवला. 256 कुटुंबं बोरी पाखाडीला आणून बसवली, तोच हनुमान कोळीवाडा. घरांना वाळवी लागली. भिंतीला हात लावला की चौकटीची माती हातात यायची, हे मी लहानपणी पाहिलंय. जमिनी गेल्या त्या नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या 95 गावांच्या संपादनात. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. हे सगळं 'नेव्ही' या एका शब्दाखाली पुरायचं?

मग नेव्हीचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मेसेजमध्ये नेमका नाही. केगाव, म्हातवली, बोरी पाखाडी हा भाग शस्त्रागाराच्या सेफ्टी झोनमध्ये, म्हणजे सुरक्षेसाठी बांधकामावर बंधन असलेल्या पट्ट्यात येतो. माझ्या आत्याचं घर त्या पट्ट्यात. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं, खोल्या दोन. माळा चढवायला कर्जासाठी बँकेकडे गेले तर सातबाऱ्यावरचा सेफ्टी झोनचा शेरा बघूनच साहेबाने फाईल परत केली. शेवटी मोठा मुलगा द्रोणागिरीत भाड्याने गेला. आत्या रोज संध्याकाळी त्याच्यासाठी मासळीचा डबा भरते आणि रिक्षावाल्याच्या हाती देते.

किनाऱ्यावरच्या गावांत बदल होतोय तो असा. कोणी हाकललेलं नाही, घराला वाढू दिलेलं नाही, म्हणून तरुण पोरं तीन-चार किलोमीटरवर सरकतात. सुरक्षेसाठी अंतर लागतं हे मला मान्य आहे. पण अशी बंधनं घालणारा 1903 चा संरक्षण बांधकाम कायदा नुकसानभरपाईची तरतूदही करतो. गावांनी मागायची ती गोष्ट ही आहे.

हे मी चुलतभावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, 'ताई, पण लोकांना राग तर येतोय ना?' येऊ दे, पण खोट्या वाक्यावर आलेला राग घेऊन कचेरीत गेलो तर पहिल्याच प्रश्नाला आपण गप्प बसू. मी त्याला आत्याच्या सातबाऱ्याची प्रत मागितली आहे. वाड्यातल्या आणखी कोणाकोणाच्या सातबाऱ्यावर तसाच शेरा आहे, त्याची यादी तो या रविवारी घरोघर फिरून करणार आहे.