पनवेल–कर्जत लोकल : ‘आहे तो रूळ पुरेसा आहे’ हे म्हणणे का टिकत नाही

कर्जत, खालापूर आणि पनवेल तालुक्यांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. पनवेल–कर्जत मार्ग पूर्वीपासून आहेच, खोपोलीला एकेरी रुळावर लोकल चालतेच, मग इथेही ती चालवता आली असती; नवा दुहेरी मार्ग, त्याचे बोगदे आणि स्थानके ही बिल्डरांची सोय असून तिचा भार शेवटी घरपट्टीवर येणार आहे; म्हणून नगरपरिषद आणि ग्रामपंचायतींनी या मार्गापायी एक रुपयाही खर्च करू नये, असे त्यात म्हटले आहे. यातला एखादा मुद्दा रास्त आहे, परंतु मूळ आधार चुकीचा आहे.

आधी रुळाचेच पाहू. आजचा मार्ग एकेरी आहे आणि तो रिकामा नाही. न्हावाशेवा बंदरातून पुण्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या मालगाड्या आणि पनवेलमार्गे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच रुळावरून जातात. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांपैकी एकीला स्थानकातल्या लूपवर, म्हणजे बाजूच्या जादा रुळावर, थांबवून दुसरीला वाट द्यावी लागते. समजा, दोन क्रॉसिंगच्या स्थानकांमधले अंतर कापायला गाडीला दहा मिनिटे लागली आणि ती बाजूला घेऊन समोरच्या गाडीला सिग्नल मिळेपर्यंत आणखी पाच मिनिटे गेली, तर तासाभरात दोन्ही दिशांना मिळून चारच गाड्या निघतात, म्हणजे एका दिशेला दोन. त्यातली एक जागा मालगाडीने घेतली की लोकलच्या वाट्याला तासाला एक गाडी उरते, आणि ती मालगाडी चढावर रेंगाळली तर तीही वेळेवर येत नाही. अशा सेवेच्या भरवशावर कोणी नोकरीची वेळ बांधून घेईल, असे मला वाटत नाही.

खोपोलीचा दाखला तर उलटाच लागू पडतो. कर्जत–खोपोली हा सुमारे १५ किलोमीटरचा फाटा खोपोलीला संपतो. पळसदरीच्या पुढे त्यावर ना एक्स्प्रेसची वर्दळ आहे, ना बंदराच्या मालाची. रूळ जवळजवळ लोकलच्याच मालकीचा असूनही तिथे गाड्या किती विरळ आहेत, हे त्या बाजूच्या माणसांना विचारावे. या फाट्यावरच्या लौजी स्थानकाच्या फलाटावर भर पावसात, डोळ्यांदेखत गाडी सुटलेली पाहून पुढचा तास-सव्वा तास छपराखाली बसून काढलेली शाळा-कॉलेजची मुले आणि कामगार मी अनेकदा पाहिले आहेत. एकेरी मार्गाची अडचण ज्यांनी सर्वांत जास्त सोसली, त्यांचेच उदाहरण त्याच मार्गाच्या समर्थनासाठी द्यावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बोगद्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. या पट्ट्यात माथेरानच्या डोंगररांगेचे फाटे आडवे येतात आणि रेल्वेला रस्त्यासारखा तीव्र चढ चालत नाही. वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा बोगदा, जो ठाण्याजवळच्या पारसिकच्या बोगद्याच्या जवळपास दुप्पट लांबीचा आहे, तो या भूगोलामुळे खोदावा लागला.

‘मुंबईला जायला कल्याणमार्गे लोकल आहेच’ असेही त्या मजकुरात एक वाक्य आहे. कल्याणमार्गे कर्जत ते सीएसएमटी अंतर १०० किलोमीटर आहे, पनवेलमार्गे ते ८० च्या आत येते. तरीही पनवेल–सीएसएमटी दरम्यानच्या हार्बर मार्गाच्या गाड्या स्थानकागणिक थांबत असल्यामुळे मुंबई गाठण्याच्या वेळात फार मोठा फरक पडेल, असा दावा मी करणार नाही. खरा फरक नवी मुंबईत काम करणाऱ्यांना पडेल. आज कर्जतहून बेलापूर किंवा वाशीला रेल्वेने जायचे तर बदलापूर, कल्याण, डोंबिवली, मुंब्रा ही सगळी गर्दी अंगावर घेत ठाण्याला उतरायचे, पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटांकडे धावायचे आणि ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्सहार्बरची गाडी पकडून दक्षिणेकडे यायचे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, ते याच मार्गावर. ज्याला मुंबईत जायचेच नाही अशा माणसाला त्या गर्दीतून बाहेर काढणे, एवढे एकच कारण मला या मार्गासाठी पुरेसे वाटते.

आता घरपट्टी. हे काम मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातले आहे. या १०,९४७ कोटी रुपयांच्या टप्प्याला डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. त्यात पनवेल–कर्जतचा वाटा सुमारे २,७८२ कोटींचा असून खर्च रेल्वे आणि राज्य शासन निम्मा-निम्मा उचलतात. रूळ टाकण्यासाठी कर्जत नगरपरिषदेच्या तिजोरीतून पैसे गेलेले नाहीत. मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्याबद्दल राग असेल, तर तो रास्त आहे आणि तो जरूर मांडावा.

बिल्डरांचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. कर्जत-चौक परिसरात जमिनीचे भाव चढले आहेत, गृहसंकुलांचे फलक शेताच्या बांधापर्यंत आले आहेत आणि पाण्याचा प्रश्न खरा आहे. पण बांधकामाला लगाम घालायचा तर तो विकास आराखड्यातून आणि परवानगी देताना पाण्याचा हिशेब मागून. लोकल विरळ ठेवल्याने इमारती थांबत नाहीत, फक्त त्यांत राहायला आलेली माणसे मोटारी आणि दुचाकी घेऊन जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर येतात.

म्हणूनच ‘एक रुपयाही खर्च करू नये’ ही मागणी मला सर्वांत घातक वाटते. चिखले, मोहोपे आणि चौक या स्थानकांबाहेरचा रस्ता, दिवे, गटारे, रिक्षाथांबा आणि स्वच्छतागृह यांची काळजी रेल्वे तिच्या हद्दीपलीकडे घेणार नाही. ते काम स्थानिक संस्थांनाच करावे लागेल. सकाळी साडेपाचच्या गाडीसाठी अंधारातून चालत येणाऱ्या बाईला गावापासून फलाटापर्यंत उजेड मिळणार की नाही, याची तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दिसली पाहिजे, आणि ग्रामसभेत त्यासाठीच ठराव मांडावा, अशी माझी गावकऱ्यांना विनंती आहे.