हेरांची पुस्तकं आणि बाईंचा लाल शेरा

बाई,

28 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंत असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा 'बाई'च म्हणतो. सुट्टीत मुलांना द्यायच्या हेरांच्या पुस्तकांची माझी यादी वाचून तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. अशा पुस्तकांतून मुलं थापा मारायला, दाराआडून ऐकायला आणि दुसऱ्याच्या वह्या उघडायला शिकतात. शिवरायांचा हेर, आपला घरचा बहिर्जी नाईक सोडून मी भलत्यांच्याच मागे लागलोय. आणि डाखाउच्या छळछावणीत संपणारी गोष्ट नऊ वर्षांच्या मुलांना सुचवताना मला काहीच कसं वाटलं नाही, असं तुमचं म्हणणं.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक सरळसरळ माझी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची हेर असलेल्या नूर इनायत खानच्या चरित्रापुढे मी '9 वर्षांपासून' लिहिलं ते पुस्तकात चित्रं भरपूर आहेत म्हणून. आमच्या सोसायटीच्या वाचनगटातली चौथीतली एक मुलगी ते घरी घेऊन गेली आणि रात्री साडेदहाला तिच्या आईचा फोन आला. "ती झोपत नाहीये. विचारतेय, नूरला मारलं ते तिच्या आईला कोणी सांगितलं?" मी फोन धरून नुसता उभा. यादीत आता तिथे '13 च्या पुढे' केलंय.

पण पुस्तक काढणार नाही, आणि तेसुद्धा तुमच्या पहिल्याच आक्षेपासाठी. नूरचे वडील बडोद्याचे, गवयांच्या घराण्यातले सूफी. ती स्वतः मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचं तिचं पुस्तक 1939 मध्ये आलं. ब्रिटिशांनी तिला वायरलेस चालवायचं शिक्षण दिलं तेव्हा दुटप्पीपणाची कामं हिला नको वाटतात, असा शेरा तिच्या कागदांत पडलाय. अशी मुलगी जून 1943 मध्ये खोटं नाव घेऊन फ्रान्समध्ये उतरते. जर्मनांनी तिला पकडलं तेव्हा पाठवलेल्या संदेशांची शाळकरी वही तिच्या खोलीत सापडली. त्या वहीच्या जोरावर जर्मन तिच्या नावाने लंडनशी बोलत राहिले, आणि लंडनहून पाठवलेले काही हेर थेट त्यांच्या हातात पडले. 13 सप्टेंबर 1944 ला तिला गोळी घातली. तीस वर्षांची होती. खोटं बोलणं कुणाला किती जड जातं आणि एक वही ठेवण्याची किंमत काय पडते, हे तेरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा नीट मला तरी सांगता येणार नाही. याउलट एक पुस्तक मी बाजूला ठेवलंय. त्यातला बारा वर्षांचा नायक पानोपानी थापा मारतो, एकही पकडली जात नाही, आणि शेवटी त्याला पदक. तिथे तुमचा लाल शेरा मला मान्य.

दुसऱ्याच्या वह्यांचं म्हणाल तर, बाई, त्याला पुस्तक लागत नाही. माझ्या पोराने बहिणीची डायरी उघडली तेव्हा त्याने एकही हेरकथा वाचलेली नव्हती. तिने मग 'च'च्या भाषेत लिहायला घेतलं. 'चाडूल चपाटातक', म्हणजे लाडू कपाटात. त्याला ते कळायला दोन दिवस लागले, तोवर लाडू संपले होते.

आता नैनसिंग रावत. हा परदेशी नाही हो! कुमाऊँमधल्या मिलम गावचा, आणि तुमच्यासारखाच शाळामास्तर. म्हणून तर सगळे त्याला 'पंडित' म्हणायचे. तिबेटात गोऱ्यांना मज्जाव होता, तेव्हा ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याने नकाशासाठी मोजमापं घ्यायला त्याला वेश पालटून पाठवलं. जपमाळ 108 मण्यांची असते, त्याची 100 मण्यांची. दर शंभर पावलांना एक मणी. दोन हजार पावलांचा मैल, म्हणजे माळ एकदा फिरली की पाच मैल. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राऐवजी मोजमापांच्या चिठ्ठ्या, ताऱ्यांची उंची मोजायला लागणारा पारा कवड्यांमध्ये लपवलेला. असा तो जानेवारी 1866 मध्ये ल्हासाला पोचला. वाटेत बंदूक नाही, मारामारी नाही.

हे वाचून झाल्यावर आम्ही मुलांना शंभर मण्यांच्या माळा ओवायला लावल्या. (एका घरात आजीच्या तुळशीच्या माळेतले आठ मणी काढायचे की काय यावरून जुंपली. काढले नाहीत.) मग सोसायटीला फेऱ्या. वॉचमनकाकांनी सहज "जेवलास का रे?" विचारलं की पाऊल चुकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीनंतर एकजण कपाळाला हात लावून म्हणाला, "हा ल्हासापर्यंत कुणाशी बोललाच नसेल." पण तो तर व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर चालत होता, त्याला बोलावं लागतच असणार. हे कळल्यावर मुलं गप्प झाली. मी पुस्तक निवडताना हेच बघतो: हेराच्या कामातला कंटाळा आणि चिकाटी त्यात दिसते का.

राहिला बहिर्जी, आणि इथे मी तुमच्याशी थोडा भांडणार आहे. जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत बहिर्जी जाधव सुरत मारली तर अगणित द्रव्य मिळेल अशी बातमी आणतो; जानेवारी 1664 च्या स्वारीआधीची ही गोष्ट. अस्सल साधनांत त्याच्याबद्दल फार नाही. बाणूरगडावर त्याची समाधी दाखवतात. मुलांसाठीची त्याच्यावरची तीन पुस्तकं मी आणली. एकात तो सुरतेत फकीर, दुसऱ्यात भिकारी, तिसऱ्यात गारुडी, आणि तिघांच्याही तोंडी पानपानभर संवाद. कल्पना करायला माझी ना नाही, पण हे मी रचलंय एवढी एक ओळ लेखकाने प्रस्तावनेत टाकली असती तर? सातवीतला पोरगा ते इतिहास म्हणून परीक्षेत लिहून येतो. अशी ओळ असलेलं पुस्तक तुमच्या पाहण्यात असेल तर नाव कळवा, यादीत सगळ्यांत वर घालतो.

आणि तुम्हाला मोडी येते असं ओझरतं लिहिलंय. आमच्या मुलांना पक्कं वाटतं, की मोडी ही मराठ्यांची गुप्तलिपी. खतावण्या आणि जमिनीचे कागद त्याच लिपीत असायचे, हे मी सांगून थकलो, माझ्यावर विश्वास नाही. तुम्ही यायचं का एखाद्या रविवारी? सकाळी साडेदहाला, क्लबहाऊसमध्ये. फळा आहे, खडू मी आणतो.