‘दमास्कस’ दुनळीबद्दलच्या संदेशाचा खुलासा

‘नळीवर लाटांची नक्षी असेल तर ती दमास्कसच्या तलवारीच्या पोलादाची बंदूक, आजचं काडतूसही बिनधास्त चालतं, आणि जुनी म्हणून लायसनही लागत नाही.’ गावोगावच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या संदेशातली तिन्ही विधानं चुकीची आहेत.

तलवारीचं पोलाद मुशीत वितळवून बनायचं. या नळ्यांसाठी लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, दांड्याभोवती गुंडाळून भट्टीत सांधल्या जात, मुख्यतः बेल्जियममधल्या लिएजला आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला. साध्या नळीवर वरवर उमटवलेली नकली नक्षीही असते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून पुढचा लाकडी भाग काढा, नळीची खालची बाजू भिंगातून बघा. खरी नक्षी तिथेही सलग वळत जाते. नकली बहुधा तुटते किंवा झिजलेली असते. लंबगोलात ‘ईएलजी’ अक्षरं दिसली तर ती लिएजची चाचणी-खूण, म्हणजे नळी तिथे दाबाला तपासल्याचा शिक्का. एमरी पेपर मात्र लावू नका! तपकिरी झाक हीच तिची शान आहे, ती एकदा गेली की गेली.

काडतुसाचा धोका सगळ्यात मोठा. या नळ्या बहुतेक बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या काळातल्या, आजच्या काडतुसाच्या दाबासाठी बनलेल्या नाहीत. सांध्यांत आतून गंज धरलेला असतो, बाहेरून कळत नाही. त्यात नळीतली काडतूस बसायची जागा (चेंबर) जुन्या बंदुकीत बऱ्याचदा ६५ मिलिमीटरची; ७० चं काडतूस बसतं, पण उडताना काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसते, दाब वाढतो. नळी फुटते ती डाव्या हाताजवळ.

१९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली जुन्या हत्यारांची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच आहे. मालगुजारी वाड्यातली चालती दुनळी त्यात बसत नाही.

तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.