विमानाचा पंचनामा

"वापरकर्त्याच्या हाताळणीमुळे झालेले नुकसान हमीत समाविष्ट नाही," एवढे एकच वाक्य विक्रेत्याने मला परवा पाठवले आणि त्याच्या शेवटी एक हसरा चेहरा चिकटवला. हमी नाकारल्याचे दुःख मी कसेबसे गिळले असते, पण तो हसरा चेहरा अजून घशाखाली उतरायला तयार नाही.

विमान म्हणजे रेडिओ कंट्रोलवर उडणारे, बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे मॉडेल. सुटे लाकूड कापत, घासत, चिकटवत बसण्याची हौस मला नाही, म्हणून मी जास्तीचे पैसे मोजून 'ए.आर.एफ.' म्हणजे जवळपास उडण्यास तयार असा प्रकार घेतला. यात सांगाडा जोडलेला आणि वर रंगीत फिल्म इस्त्री करून ताणलेली असते; आपण मोटार, सर्व्हो (पंखांच्या आणि शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी), रिसीव्हर आणि बॅटरी बसवायची आणि रान गाठायचे. प्रत्यक्षात खोक्यातून जे निघाले त्याच्या पंखांवर सुरकुत्या होत्या, एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरील हलत्या झडपेची, एक बिजागरी सहज ओढून पाहताच हातात आली आणि ही झडप ज्या दांडीने हलते ती अडकवण्याच्या कंट्रोल हॉर्नचे स्क्रू कितीही फिरवले तरी आवळले जाण्याचे नाव घेत नव्हते. सुरकुत्या मी घरच्या इस्त्रीने काढल्या, त्यावरून घरात झालेले संभाषण येथे देण्याजोगे नाही. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, भिंगाखाली वाचावे अशा अक्षरांत, "उड्डाणापूर्वी कारखान्यातील सर्व जोड तपासून आवश्यक तेथे पुन्हा चिकटवावेत" असेही छापलेले आहे. तयार विमान विकणाऱ्यानेच ते तयार समजू नये असे सुचवावे, हा प्रामाणिकपणा म्हणावा की अटकपूर्व जामीन, हे मला ठरवता आलेले नाही. जे जोड दिसत होते ते मी तपासले. जे फिल्मच्या आत होते ते तपासण्यासाठी विमान फाडावे लागले असते.

परभणीच्या बाहेर, ज्वारी निघालेल्या रानात, एप्रिलच्या सकाळी आम्ही ते उडवले. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असल्यामुळे चाकांवर धावण्याचा प्रश्नच नव्हता. भाच्याने हातानेच वाऱ्याच्या दिशेने सोडले. विमान छान वर चढले, आणि मग मोटार आपल्या प्लायच्या पाटीसकट नाकातून निखळली, तिन्ही तारांवर लोंबकळू लागली, फिरत्या पंख्याने पुढचे टोपण कुरतडले आणि सगळे सामान बांधालगतच्या बाभळीखाली येऊन आपटले.

त्या बाभळीखाली एक आबा शेळ्या राखत बसले होते. मी धावत पोहोचलो आणि विमानाला हात घालणार, तोच त्यांनी काठी आडवी धरली.

"थांबा सायेब. काहीच हलवू नका. आधी पंचनामा."

"कसला पंचनामा, आबा?"

"नुसकानीचा. जाग्यावरून उचललं की पुरावा गेला. फोटू काढा. तारीख येती का तुमच्या फोटूत?"

तारीख येत होती. आबांनी ती स्वतः पाहून खात्री केली, मग भाच्याला हुकूम सोडला की कागद घे आणि मी सांगतो तसे लिही. कागद नव्हता, म्हणून माहितीपुस्तिकेचे मागचे कोरे पान कामी आले.

"लिव. वारं मावळतीचं, बेताचं. पाऊस निरंक. चतुःसीमा: उगवतीला बांध, मावळतीला पांदण, वरल्या अंगाला बाभूळ, खालच्या अंगाला शेळी."

"शेळी हलते ना, आबा," भाचा म्हणाला.

"मग बांधून लिव." त्यांनी खरोखरच शेळी बांधली. "आता टक्केवारी. किती गेलं म्हनावं?"

मी मनाशी हिशेब केला. पंख शाबूत होते, शेपूट शाबूत होते, सर्व्हो हलत होते. "वीस-पंचवीस टक्के असेल," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिले की मला उगीचच ओशाळल्यासारखे झाले. "सायेब, पिकाच्या पंचनाम्यात तेहतीसच्या खाली लिवलं तर फुटकी कवडी भेटत नाही. आन् उडतंय का ते आता?"

"नाही."

"मग शंभर लिव रे." आणि माझ्याकडे वळून, "बहात्तर तासांच्या आत कळवा कंपनीला. पुन्हा म्हनतील, उशिरा कळवलं. विमा किती हाय?"

विमा काढलेला नाही, असे मी सांगितले.

"मग उडवलं कशाच्या भरोशावर?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. तेवढ्यात त्यांनी लोंबकळणारी मोटार हातात घेतली, पाटी उलटी केली, तिच्या कडेवरून नख फिरवले आणि ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. लेसरने कापल्याचा तपकिरी जळका रंग सगळ्या कडांवर जसाच्या तसा होता. एका कोपऱ्यात वाळलेल्या गोंदाचे दोन चमकदार थेंब, बाकी पाटी कोरी. सांगाड्याच्या बाजूला बाल्साचा एक तंतूही उपटलेला नव्हता.

"हे मोडलं नाही, सायेब, सुटलंय. डिंक धरला असता तर लाकूड फाटलं असतं. लाकूड फाटलं तर तुमचा दोष. हितं लाकडाला कळलंसुदिक नाही." जोडकामाचा कोणताही जाणकार याहून वेगळे सांगणार नाही. चांगला चिकटलेला जोड तुटतो तेव्हा लाकूड त्याच्याबरोबर जाते. "पर ते तुमचाच दोष काढतील. आमचं सोयाबीन उगवलं नाही, तवा आमाला म्हनले, तुमी खोल पेरलं. वल नसताना पेरलं. तुमाला म्हनतील, जोरात उडवलं."

२०२० च्या खरिपातील ती गोष्ट मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. पेरलेले सोयाबीन गावोगाव उगवले नव्हते आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. आबांनी तेव्हा दुबार पेरणी केली. पैसे मिळाले का, असे मी विचारले, तर ते शेळी सोडायला निघून गेले.

मी पंचनाम्यासह सगळे फोटो मुदतीच्या आत पाठवले. उत्तर आले: थ्रॉटल (मोटारीचा वेग) पूर्ण दिलेला दिसतो, आणि तुमच्या भागातील उष्णतेमुळेही गोंद सैल झालेला असू शकतो. उड्डाण घेताना थ्रॉटल अर्धा ठेवावा, असे पुस्तिकेत कोठेही म्हटलेले नाही. उष्णतेचे म्हणाल तर ही सबब फार जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धातील 'मॉस्किटो' हे विमान प्लाय आणि बाल्साचेच होते. १९४४ च्या अखेरीस भारतात त्यांचे पंख हवेतच निखळू लागले, तेव्हाही प्रथम बोट दाखवले गेले ते इथल्या हवामानाकडे. पुढील चौकशीत मात्र ठपका सदोष बांधणीवर आला. तिथे माणसे मेली होती, इथे माझे फक्त पैसे गेले आहेत, हे मला कळते. पण सांधा नीट न चिकटवता परभणीच्या उन्हाला आरोपी करण्याची युक्ती तीच आहे, आणि आम्ही इथे उन्हाचे पुरेसे सोसतो. कारखान्याच्या वाटणीचे वरून कशाला?

मग त्यांनी खोके उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो मी काढलेला होता आणि पाठवलाही. फिल्मच्या आत किती गोंद आहे हे त्यात दिसत नाही, असे त्यांनी कळवले. हे मात्र खरे आहे.

आता मी पाटी अर्ध्या तासात वाळणाऱ्या एपॉक्सी या पक्क्या गोंदाने बसवली आहे, आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या ठोकल्या आहेत, आणि हाताशी एपॉक्सी उरली म्हणून चाकांच्या पाटीवर अंगठा दाबून पाहिला, तर तीही आत गेली. म्हणजे जे जोडकाम टाळण्यासाठी जास्तीचे पैसे दिले, तेच आता उलट्या क्रमाने, फिल्म कापून, करतो आहे. राहिले कुरतडलेले टोपण. ते सुटे मिळत नाही, त्यासाठी पूर्ण विमान घ्यावे लागेल, असे विक्रेत्याने कळवले असून सध्या त्यावर सवलत चालू असल्याचेही आवर्जून सांगितले आहे.